वाढत्या वयातील मुलांसाठी ऑर्थोडॉन्टिस्ट: सांगलीतील एका दवाखान्याचे परीक्षण

मुलांच्या दातांना तारा बसवल्या की दीड-दोन वर्षे सहज जातात. त्याआधी योग्य वयाची वाट पाहण्यात काही काळ जातो आणि तारा काढल्यानंतर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर वापरण्यात त्याहूनही अधिक काळ जातो. त्यामुळे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबड्यांची ठेवण सुधारणारे दंततज्ज्ञ, निवडताना पालकांनी सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न माझ्या मते एकच आहे: या साऱ्या काळात मुलाचे दात दर महिन्याला स्वतः कोण पाहणार? सांगलीत विश्रामबाग भागातील ज्या दवाखान्यात आमच्या मुलीचे उपचार झाले, त्याचे परीक्षण मी प्रामुख्याने याच प्रश्नाच्या आधारे करीत आहे. तेथील डॉक्टर मॅडमनी आपले नाव लिहू नये अशी विनंती केली, म्हणून नाव देत नाही. परंतु त्यांच्या कामाची पद्धत सविस्तर लिहिते, म्हणजे इतर पालकांना आपापल्या गावातील डॉक्टर पारखताना तिचा उपयोग होईल.

मोठी शहरे सोडली तर आपल्याकडे गावोगावचे दंतवैद्य बहुतांशी बी.डी.एस., म्हणजे दंतवैद्यकाची मूळ पदवी घेतलेले, असतात आणि तारांच्या कामासाठी त्यांच्या दवाखान्यात ठरलेल्या वारी बाहेरगावचे ऑर्थोडॉन्टिस्ट येतात. या व्यवस्थेत मुळात वाईट काही नाही. ती नसती तर तालुक्याच्या गावातील अनेक मुलांना हे उपचार मिळालेच नसते. अडचण येते ती येणारी व्यक्ती बदलली की. माझ्या भाच्याच्या तारा अशाच एका दवाखान्यात बसवल्या होत्या. वर्षभरानंतर ते बाहेरगावचे डॉक्टर येईनासे झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, आणि त्यांना सुरुवातीचे फोटो, दातांचे साचे किंवा एक्स-रे यांपैकी काहीच उपलब्ध झाले नाही. मुळात दात कुठे होते आणि कुठे न्यायचे ठरले होते, हे ठाऊक नसलेल्या माणसाने पुढची तार कशाच्या आधारे बदलावी? त्या मुलाच्या उपचारांची मुदत लांबतच गेली आणि शेवटी घरच्यांनी कंटाळून तारा काढून घेतल्या. आमच्या मुलीची वेळ आली तेव्हा मी डॉक्टर शोधण्यापूर्वी हा प्रश्न मनाशी पक्का केला होता.

पदवीविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण दवाखान्याच्या पाटीवरून पालकांचा गैरसमज होऊ शकतो. बी.डी.एस. झाल्यानंतर ‘ऑर्थोडॉन्टिक्स अँड डेंटोफेशियल ऑर्थोपेडिक्स’ या विषयात तीन वर्षांचे एम.डी.एस. केलेली व्यक्ती म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. एम.डी.एस. ही पदवी हिरड्यांच्या आजारांत, कृत्रिम दातांत, लहान मुलांच्या दातांत किंवा रूट कॅनालच्या विषयातही असते, त्यामुळे नुसते ‘एम.डी.एस.’ वाचून थांबू नये. विषय कोणता ते वाचावे. काही दिवसांचा अभ्यासक्रम करून मिळालेले प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते, त्याला या तीन वर्षांची सर येत नाही. राज्य दंत परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यातही संकोच बाळगू नये. या दवाखान्यात पदवी, विषय आणि नोंदणी क्रमांक या तिन्ही गोष्टी स्वागतकक्षातच मराठीत लावलेल्या आहेत, ही मला पहिल्या भेटीत आवडलेली गोष्ट.

मुलगी साडेनऊ वर्षांची असताना आम्ही तिला प्रथम तेथे नेले. वरचे पटाशीचे दात बरेच पुढे आलेले, खालचा जबडा मागे राहिलेला आणि ओठ सहज मिटत नाहीत, अशी तिची स्थिती होती. मॅडमनी छोट्या पट्टीने वरच्या आणि खालच्या दातांमधील आडवे अंतर मोजले. ते नऊ मिलिमीटर भरले. सर्वसाधारणपणे ते दोन-तीन मिलिमीटर असते. ही संख्या त्यांनी आम्हाला सांगितली, कागदावर लिहिली आणि तारीख टाकली. त्यानंतर त्यांनी बराच वेळ दातांशी वरकरणी संबंध नसलेले प्रश्न विचारले: झोपेत तोंड उघडे असते का, घोरते का, सर्दी वारंवार होते का, अंगठा चोखण्याची सवय कधी होती, गिळताना जीभ दातांमध्ये येते का. मुलगी तोंडाने श्वास घेते असे आम्ही सांगितल्यावर त्यांनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले, कारण नाकाच्या मागील ग्रंथी वाढलेल्या असतील तर दात कितीही सरळ केले तरी मूळ कारण तसेच राहते. तिकडून तसे काही नसल्याचे कळल्यावर पुढचे बोलणे झाले.

आणि ते बोलणे होते थांबण्याचे. मॅडमनी सांगितले की खालच्या जबड्याच्या वाढीचा उपयोग करून घ्यायचा असेल, तर मुलाची उंची झपाट्याने वाढू लागते तो काळ गाठावा लागतो. मुलींमध्ये तो साधारण अकरा-बाराच्या आसपास, पाळी सुरू होण्याच्या थोडा आधी येतो आणि मुलांमध्ये त्यानंतर एक-दोन वर्षांनी. त्याच्या फार आधी सुरुवात केली तर मूल कंटाळते, उपचार लांबतात आणि शेवटी मिळणारा परिणाम जवळपास तोच असतो. लवकर उपचार करण्याचा ठोस दिसून आलेला फायदा म्हणजे पुढे आलेल्या दातांना पडून-आपटून होणारी इजा कमी होणे, असे या विषयावरील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. हेही त्यांनी लपवले नाही. आमची मुलगी शाळेच्या संघात खो-खो खेळते, म्हणून त्यांनी दातांवर बसणारे मऊ संरक्षक कवच तिच्या मापाने करून दिले आणि उपचार मात्र पुढे ढकलले. मधल्या काळात ठरावीक महिन्यांनी बोलावून त्या तिची उंची मोजत आणि नोंदवत. या भेटींचे त्यांनी फक्त तपासणी शुल्क घेतले.

या वाट पाहण्याच्या काळात आम्ही अन्यत्रही विचारणा केली, आणि ती करावीच असे माझे मत आहे. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत वरच्या दोन उपदाढा काढून लगेच तारा बसवण्याचा सल्ला मिळाला. दात काढून उपचार करणे मुळातच चूक आहे असे मुळीच नाही. जबड्यात जागा फार कमी असेल किंवा वाढीचे वय उलटून गेले असेल, तर तो योग्य मार्ग ठरतो. परंतु येथे एक्स-रे नाही, मोजमाप नाही, वाढीचा विचार नाही, आणि निर्णय मात्र तयार होता. पुण्यातील एका चकचकीत दालनात पारदर्शक अलाइनरचा, म्हणजे दातांवर चढवायच्या आणि त्यांना हळूहळू सरकवणाऱ्या काढत्या-घालत्या साच्यांचा, प्रस्ताव मिळाला. तिथे तोंडाचे स्कॅनिंग करून, दात सरळ झाल्यावर चेहरा कसा दिसेल याचे चलचित्र पडद्यावर दाखवण्यात आले. तथापि मुलीचे उपचार प्रत्यक्ष कोण डॉक्टर पाहणार, या प्रश्नाला ‘आमची टीम’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. अलाइनर दिवसातून वीस ते बावीस तास तोंडात असावे लागतात, ते मूल काढून ठेवू शकते, आणि कायमचे दात अजून उगवत असताना त्यांच्या वापराला मर्यादा येतात. डॉक्टरांच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय घरपोच अलाइनर देणारी अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्धवट राहिलेल्या ग्राहकांना तुमचे तुम्ही डॉक्टर शोधा असे सांगण्यात आले. योग्य रुग्णाला, योग्य डॉक्टरांच्या हाती, अलाइनर उत्तम काम करतात. माझा आक्षेप डॉक्टर कोण हे न सांगता उपचार विकण्याला आहे.

मुलगी अकरा वर्षांची झाली, उंची भराभर वाढू लागली, आणि मॅडमनी सर्व नोंदी एकाच दिवशी घेतल्या. संपूर्ण जबड्याचा ओपीजी हा एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने घेतलेला सेफॅलोग्राम हा दुसरा एक्स-रे, चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो आणि दोन्ही जबड्यांचे साचे. आठवड्याभराने त्यांनी आम्हाला बोलावले आणि मुलीला आमच्या शेजारी बसवून पाऊण तास सारे समजावून सांगितले. सेफॅलोग्राममध्ये कवटीबरोबर मानेचे मणकेही दिसतात. मूल लहान असताना या मणक्यांच्या खालच्या कडा सपाट असतात. वाढीचा जोर जवळ येतो तसतशी वरून दुसऱ्या आणि मग तिसऱ्या मणक्याची खालची कड आतून खोलगट होऊ लागते. मॅडमनी पेन्सिलीने त्या दोन कडा गिरवून दाखवल्या आणि मुलीलाच विचारले, “बाळा, या दोन रेघांत आणि खालच्या रेघेत काय फरक दिसतो तुला?” तिने बरोबर ओळखले. या वयाच्या मुलीला दोन-अडीच वर्षे तोंडात काही वागवायचे आहे, तर ते का, हे तिला स्वतःला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह दिसला आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला. निघताना सर्व नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर आमच्या हाती दिली. “उद्या तुमची बदली झाली किंवा मलाच काही झालं, तर पुढच्या डॉक्टरांचं अडायला नको,” असे त्या म्हणाल्या. भाच्याचा अनुभव मी त्यांना तोवर सांगितलेला नव्हता.

पहिला टप्पा ट्विन ब्लॉकचा होता. स्कॉटलंडमधील ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम क्लार्क यांनी 1977 च्या सुमारास विकसित केलेले हे साधन म्हणजे वरच्या आणि खालच्या जबड्यासाठी दोन स्वतंत्र प्लेटी. दोन्हींवर तिरकस उतार असलेले ठोकळे असतात आणि तोंड मिटताना ते एकमेकांवर अशा रीतीने बसतात की खालचा जबडा पुढे आणल्याशिवाय तोंड नीट मिटतच नाही. जबडा दिवसरात्र त्या पुढच्या स्थितीत राहिला की वाढ, स्नायू आणि दात हे सारे त्या स्थितीशी जुळवून घेतात. मॅडमनी येथेही अवाजवी आशा दाखवली नाही. मिळणाऱ्या सुधारणेत जबड्याच्या हाडाचा वाटा काही मिलिमीटरचाच असतो आणि बाकीचा भाग दातांच्या सरकण्याचा असतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले. असे बोलणारे डॉक्टर कमी भेटतात.

ट्विन ब्लॉकचा पहिला आठवडा अवघड असतो. तोंडात सतत लाळ येते, उच्चार जड होतात, ‘स’ आणि ‘श’ नीट निघत नाहीत. वर्गात बाईंनी धडा वाचायला सांगितला तर काय करायचे, ही आमच्या मुलीची खरी काळजी होती आणि मॅडमनी ती गांभीर्याने घेतली. शनिवारी प्लेट बसवायची, रविवारभर घरात मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे, आणि वर्गशिक्षिकांसाठी चार ओळींची चिठ्ठी न्यायची, असे त्यांनी ठरवून दिले. आठवडा उलटण्याच्या आत उच्चार बरेच सुधारले. घरी कालनिर्णयच्या पानावर रोज किती तास प्लेट तोंडात होती ते मुलीने स्वतः लिहायचे आणि महिन्याला ते पान दवाखान्यात न्यायचे, असा नियम होता. मॅडम ते पान आधी पाहत, मग तोंड तपासत. कमी तास भरलेल्या दिवसांबद्दल त्यांनी कधी रागावून विचारले नाही. त्या दिवशी काय होते, एवढेच विचारत, आणि ते सामना किंवा लग्नकार्य असे काही असे. वर्षाच्या आत नऊ मिलिमीटरचे अंतर चारवर आले.

त्यानंतर तारा. आम्ही नेहमीच्या धातूच्या ब्रॅकेट्स, म्हणजे तार धरण्यासाठी दातांवर चिकटवायचे छोटे तुकडे, निवडल्या. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेट्स दिसायला बऱ्या असतात, पण अधिक महाग असतात आणि तुटण्याची शक्यताही अधिक असते. शाळकरी खेळाडू मुलीला धातूच्याच बऱ्या, हा मॅडमचा सल्ला आम्हाला पटला. सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची बारीक, लवचिक तार असते. ती वाकवली तरी आपल्या मूळ कमानीच्या आकाराकडे परत येऊ पाहते आणि येताना दातांना हळूहळू ओढून आणते. दात बऱ्यापैकी ओळीत आले की क्रमाने जाड आणि मग चौकोनी छेदाची पोलादी तार येते, जिच्यामुळे दाताच्या मुळांचा कलही आवरता येतो.

दर महिन्याची भेट महत्त्वाची का, हे या टप्प्यावर नीट समजते. दातावर हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचे हाड शरीर स्वतःच विरघळवते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते; या गतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. अधिक जोर लावून हे काम लवकर उरकता येत नाही, उलट दातांची मुळे झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी कोणीतरी जाणत्या नजरेने पाहणे आवश्यक असते: कोणता दात अपेक्षेप्रमाणे सरकला, कोणता अडला, रबर कोणत्या बाजूला लावायचे, तार बदलायची की आणखी महिनाभर तीच ठेवायची. तार ब्रॅकेटला धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या काढणे, दात स्वच्छ करणे, फोटो घेणे ही कामे या दवाखान्यात सहायक करतात. तार मात्र प्रत्येक वेळी मॅडम स्वतः बसवतात आणि मुलीला खुर्चीतून उठवण्यापूर्वी मागील महिन्याचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी लावून दाखवतात. आमच्या संपूर्ण उपचारांत त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी तार बसवली असे एकदाही झाले नाही. माझ्या लेखी या दवाखान्याचे सर्वांत मोठे मोल हेच आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत त्या कडक आहेत. ब्रॅकेटच्या भोवती अन्न आणि जंतूंचा थर साचून राहिला, तर तेथील दाताच्या आवरणातील क्षार निघून जातात आणि तारा काढल्यावर त्या जागी पांढरे डाग दिसतात. ते पुरते जात नाहीत. एका भेटीत त्यांना ब्रशिंग नीट होत नसल्याची शंका आली, तेव्हा त्यांनी मुलीच्या दातांना थर दाखवणारा रंग लावला आणि आरसा तिच्याच हाती दिला. वरच्या सुळ्यांच्या ब्रॅकेटभोवती आणि हिरडीलगत गडद जांभळी कड उमटली होती. तिथल्या तिथे, मधल्या फटीत जाणाऱ्या छोट्या ब्रशने ती कड कशी काढायची, हे त्यांनी एका दातावर करून दाखवले आणि उरलेल्या दातांवर तिच्याकडून करून घेतले. त्या महिन्यात त्यांनी तार बदलली नाही. “दात स्वच्छ दिसले की पुढची तार,” एवढेच सांगितले. पुढच्या महिन्यात ब्रॅकेट्स लखलखीत होत्या.

खाण्याच्या पथ्याचा कागदही इथल्या खाण्याला धरून केलेला आहे, ही बाब मला विशेष वाटली. पुष्कळ ठिकाणी पॉपकॉर्न आणि कँडी खाऊ नका असे छापील पत्रक मिळते. या कागदावर चिक्की, ऊस, कडक चकली, मक्याचे कणीस, दातांनी तोडलेला पेरू, आणि अर्थातच भडंग, अशी नावे आहेत. सांगलीत राहून भडंगाचा उल्लेख नसलेले पथ्य कोण पाळणार? भडंगातील शेंगदाणे वेगळे काढून ठेवले की बाकीचे खायला हरकत नाही, भाकरी कढीत किंवा आमटीत कुस्करून खावी, सफरचंद-पेरूच्या बारीक फोडी कराव्यात, असे पर्यायही दिलेले आहेत. हळदीमुळे पांढऱ्या किंवा पारदर्शक रबरी कड्या दोन दिवसांत पिवळ्या पडतात, म्हणून राखाडी किंवा गडद निळ्या कड्या घ्याव्यात, ही सूचना तर आमच्या घरातील रोजच्या स्वयंपाकात फारच उपयोगी पडली. तार बदलल्यावर दोन-तीन दिवस दात दुखतात. त्यासाठी त्या गरजेपुरती पॅरासिटामॉल सांगतात आणि तारेचे टोक गालाला टोचले तर लावायला मेण देऊन ठेवतात. एकदा रविवारी असे टोक टोचू लागले, तेव्हा फोटो पाठवल्यावर अर्ध्या तासात उत्तर आले आणि सोमवारी सकाळी पहिल्या वेळेला बोलावून टोक कापून दिले.

खर्चाबाबत स्पष्टपणे लिहिते. ट्विन ब्लॉक आणि धातूच्या तारा मिळून आम्हाला साधारण साठ हजार रुपये खर्च आला. पुण्यातील अलाइनरचा प्रस्ताव दीड लाखाच्या वर होता. एकूण रक्कम, तिच्यात काय समाविष्ट आहे आणि काय नाही, हे सुरुवातीलाच लेखी मिळाले: नोंदी, मासिक भेटी आणि पहिला रिटेनर समाविष्ट, एक्स-रे वेगळे, निघालेली ब्रॅकेट पहिल्या दोन वेळा विनामूल्य, पुढे प्रत्येकी शुल्क. सुरुवातीला तिसरा हिस्सा आणि उरलेली रक्कम मासिक हप्त्यांत देण्याची सोय आहे. उपचार ठरल्यापेक्षा काही महिने लांबले तरी त्यासाठी जादा पैसे मागितले गेले नाहीत. तारांचा हा खर्च आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही, हे गृहीत धरूनच तयारी ठेवावी.

उणिवाही आहेत. शनिवारी आणि मे महिन्याच्या सुटीत या दवाखान्यात इतकी गर्दी होते की दिलेल्या वेळेनंतर तास-सव्वा तास थांबावे लागते, आणि शाळा बुडवून आलेल्या मुलांना ते फार जाचक होते. मॅडम ठरलेल्या वारी तासगाव आणि जत येथील दवाखान्यांतही जातात, त्यामुळे आठवड्यातील काही दिवस येथे फक्त सहायक असतात. त्या तिथेही स्वतःच जातात आणि तिथल्या रुग्णांच्या नोंदी त्याच संगणकात ठेवतात, ही समाधानाची बाब आहे. तरीही अडचणीच्या वेळी त्या गावात नसणे जाणवते. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. सर्वांत मोठा आक्षेप संमतिपत्राबद्दल आहे. पथ्याचा कागद इतक्या सुंदर मराठीत असताना, मुळे झिजण्यापासून पांढऱ्या डागांपर्यंतचे सर्व धोके ज्यात लिहिले आहेत ते संमतिपत्र मात्र फक्त इंग्रजीत आहे. मॅडम ते तोंडी समजावतात, पण सही करणाऱ्या आजी-आजोबांना किंवा शेतातून थेट आलेल्या आई-वडिलांना ते घरी नेऊन वाचता आले पाहिजे. मी तशी लेखी सूचना केली आहे.

तारा निघाल्यानंतर या दवाखान्याने जे केले, त्याचा उल्लेख करायलाच हवा, कारण अनेक ठिकाणी या टप्प्यावर लक्ष सुटते. तारा काढल्या त्या दिवशी अंतर तीन मिलिमीटर होते, ओठ सहज मिटत होते, आणि ओपीजीमध्ये मुळे सुस्थितीत होती. दात नव्या जागी आले तरी भोवतालचे हाड आणि हिरडीतील तंतू स्थिरावायला वेळ लागतो आणि तोवर दात जुन्या जागेकडे ओढले जातात. त्यामुळे खालच्या पुढील सहा दातांच्या मागे बारीक तार कायम चिकटवली आणि वरच्या दातांसाठी काढता-घालता येणारी हॉली रिटेनरची प्लेट दिली. ही प्लेट चार्ल्स हॉली यांच्या नावाने शंभर वर्षांपासून वापरात आहे. सुरुवातीचे महिने ती जेवण आणि ब्रश सोडून सतत घालायची, नंतर फक्त रात्री, आणि ते रात्रीचे घालणे शक्य तितकी वर्षे चालू ठेवायचे, असे त्यांनी सांगितले. ‘आता झाले’ असे त्या म्हणाल्या नाहीत. तीन, सहा आणि बारा महिन्यांच्या तपासण्यांच्या तारखा त्यांनी त्याच दिवशी देऊन ठेवल्या आणि तारीख जवळ आली की दवाखान्यातून फोन येतो.

ज्यांना हा खर्च परवडणार नाही, त्यांच्यासाठी दंत महाविद्यालयांचा मार्ग उत्तम आहे आणि त्याकडे कमी दर्जाचा पर्याय म्हणून पाहू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय आणि सांगली, कराड, पुणे, नाशिक येथील खासगी महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचे स्वतंत्र विभाग आहेत. शासकीय आणि पालिकेच्या महाविद्यालयांत खर्च खासगी दवाखान्याच्या तुलनेत खूपच कमी येतो. तेथे एम.डी.एस. करणारे विद्यार्थी डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, नोंदी काटेकोर घेतल्या जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर वरिष्ठांची नजर असते. वेळ मात्र अधिक द्यावा लागतो आणि भेटी कामकाजाच्या दिवशीच असतात. तेथे नाव नोंदवताना एक चौकशी अवश्य करावी: मूल ज्यांच्याकडे सोपवले जात आहे ते डॉक्टर एम.डी.एस.च्या कितव्या वर्षाला आहेत? पहिल्या वर्षाचे असतील तर दोन वर्षांचे उपचार त्यांच्याच हातून पूर्ण होऊ शकतात. तिसऱ्या वर्षाचे असतील तर मध्येच हात बदलणार हे नक्की, आणि मग पुढे मूल कोणाकडे जाईल ते विभागप्रमुखांना विचारून केसपेपरवर लिहून घ्यावे.